वळणरस्ता

एप्रिलची तारीख पत्रात आली आहे.
पत्र फ्रीजवर, लोहचुंबकाखाली, वाणसामानाच्या यादीशेजारी.
ताउनो त्याच्याकडे बघत नाही. फक्त दूध काढून झालं
की दार जरा जास्तच सावकाश लावतो.

तात्पुरतं आहे, असं सर्जन म्हणाली होती,
आतडं फुटलं त्या रात्री.
रस्ता खणला की लावतात तशी पाटी:
वाहतूक डावीकडून.
मी एकतीस वर्षं बस चालवते, इलोमान्त्सी ते योएन्सू.
तात्पुरत्या पाट्या मला ठाऊक आहेत.
एकीवर तर शेवाळ चढलंय.

पहिले दोन महिने मी खाली पाहिलंच नाही.
नर्स बदलायची, मी छत बघायची.
मग एकदा पाहिलं:
लाल, ओलसर,
रडायच्या आधी तान्हं मूल काढतं तसा ओठ.
चिमटा घेतला तरी त्याला कळत नाही म्हणे.

मी पोटातलं पोटात ठेवणारी बाई.
आईच्या घरावरून बहिणीशी एक शब्द बोलले नाही.
आणि माझंच पोट
तिच्या नवऱ्याच्या दफनाला, पाद्री श्वास घ्यायला थांबला नेमका तेव्हा,
सगळ्यांदेखत बोललं.
मागच्या बाकावर कोणीतरी मोठ्यानं खोकलं.
भला माणूस.

पण बसमध्ये, खरं सांगायचं तर,
ते मला सांभाळून घेतं.
सत्तर किलोमीटर, बर्च, बर्च, टपालपेट्यांची रांग,
पुन्हा बर्च.
वाल्फ्रिड कुओरिंका अर्ध्या वाटेत चढतात, हातात माशांची पिशवी.
त्यांची एक, माझी एक.
वास येतो तो त्यांच्या पिशवीचा.

नवा सर्जन तरुण आहे. कागदाच्या पाठीवर त्यानं आतडं काढलं,
दोन टोकं, मध्ये फट,
मग फटीवर पेन फिरवून ती मिटवली. इतकं सोपं.
जोड सुटला तर पुन्हा पिशवी, कदाचित कायमची.
टिकला तर काही महिने धावाधाव,
काहींची वर्षभर.
काहींना, म्हणाला, आठवतसुद्धा नाही नंतर.
आणि बस? मी विचारलं.
निर्णय तुमचा, तो म्हणाला,
दुकानदार सुटे पैसे परत देतो त्या आवाजात.

माझ्या माहेरी, पिएलिनेन सरोवरावर,
थंडी पुरेशी पडली की बर्फावरून रस्ता सुरू होतो.
तिथं गाडीचा पट्टा सोडून ठेवायचा,
म्हणजे बर्फ फुटलाच तर बाहेर पडता येतं.
बाबांनी शिकवलं.
मग काठाकाठानं का नाही जायचं, मी विचारलं.
लांब पडतं, म्हणाले.
बस, एवढंच. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात.

दीड वर्ष मी सौनात आधी, एकटी, टॉवेल गुंडाळून.
गेल्या शनिवारी ताउनो न विचारता आत आला,
वरच्या फळीवर बसला,
पिशवीकडे पाहिलं, भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहतो तसं,
आणि दगडांवर पाणी टाकलं.
घामानं कड सुटायला लागली. मी तळहातानं दाबून धरली.
त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.
पत्राचं काही बोलला नाही.
अजून एक पळी? म्हणाला.
हो म्हटलं मी.
पाण्याला.

सोमवारी सुट्टी होती.
स्वतःच्या गाडीनं माझ्याच मार्गावरून गेले,
थांबता येईल अशा जागा मोजत.
पेट्रोलपंप. वाचनालय, पण ते दुपारी उघडतं.
मधल्या चाळीस किलोमीटरमध्ये काहीच नाही,
एक पिवळं घर सोडून.
दार वाजवलं. वाल्फ्रिड बाहेर आले, हाताला खवले चिकटलेले.
कधी मधेच थांबावं लागलं तर, मी म्हटलं,
आणि पुढचं वाक्य काही केल्या जुळेना.
त्यांनी का ते विचारलं नाही.
किल्ली पायरीखालच्या डब्यात असते, म्हणाले.
झाकण गोठतं.
बुटानं जरा ठोकावं लागतं.